आपली शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी पाचवीपासून

 आजच्या भागात आपण इतिहास ऐकणार आहोत. पण हा इतिहास राजगड-तोरण्याच्या लढायांचा नाही. हा आहे आपल्या पासबुकातल्या, कर्जाच्या कागदातल्या आणि पोरांच्या वह्यांमधल्या इंग्रजीचा.

वेल्ह्यात, विंझरला, पानशेतच्या बाजूला, कुठल्याही गावात बैठकीत इंग्रजी कागद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय त्यातलं?’ हिशोबात पै न चुकणारी बाई हे बोलते, आणि दाखवतील तिथं सही करते. हे वाक्य आपल्या तोंडी आलं कुठून? इंग्रजी आपल्यापासून लांब राहिली, की कुणी लांब ठेवली? आणि ती मुळात आपल्याला परकी तरी किती आहे? आज याच तीन प्रश्नांची उत्तरं शोधू.

सुरुवात आपल्या गटाच्या रजिस्टरापासून करू. जमा, खर्च, बाकी, रक्कम, हप्ता, जामीन, सही. हे शब्द आपल्याला घरच्यासारखे आहेत. पण यातला एकही मूळचा मराठी नाही. हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. फारसीत हप्ता म्हणजे आठवडा. आठवड्याच्या आठवड्याला द्यायचे पैसे तो हप्ता, आणि आता महिन्याला भरतो तोही हप्ताच. त्या काळी सुलतानांच्या, बादशहांच्या दरबाराची भाषा फारसी होती. कागद तिच्यात, म्हणून शब्दही तिचे.

शिवाजी महाराजांनी याचा विचार केला होता. आपल्या तालुक्यातला राजगड पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता. पुढे राजधानी रायगडावर गेली, १६७४ साली राज्याभिषेक झाला, आणि महाराजांनी रघुनाथपंतांकडून एक शब्दकोश करवून घेतला. त्याचं नाव राज्यव्यवहारकोश. कारभारातल्या तेराशेच्या वर शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. राज्य आपलं, तर कारभाराचे शब्दही आपले हवेत, हा त्यामागचा विचार.

मग फारसी शब्द गेले का? काही गेले, पुष्कळ राहिले. जे शब्द लोकांच्या रोजच्या व्यवहारात मुरले, ते कुणी काढू शकलं नाही. जमा-खर्च लिहिताना आज आपल्याला वाटतं का, की आपण परकी भाषा लिहितोय? नाही ना. शब्द वापरता वापरता आपला होतो, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवू.

इंग्रजीचंही तेच झालं. १८१८ साली पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आलं आणि कारभाराची वरची भाषा इंग्रजी झाली. आज आपण बँक, चेक, पासबुक, फॉर्म, तिकीट, स्टँड, डॉक्टर, नर्स, मोबाईल हे शब्द दिवसभर बोलतो. एखादी आजी, जी शाळेची पायरी चढलेली नाही, तीसुद्धा ‘मोबाईलला रेंज नाही’ म्हणते. तिच्या त्या तीन शब्दांत दोन शब्द इंग्रजी आहेत. आणि ही देवघेव एकतर्फी नाही. इंग्रजांनी आपल्याकडून लूट, जंगल, बंगला, चटणी हे शब्द उचलले. मुंगसाला इंग्रजीत ‘मंगूस’ म्हणतात, तो शब्द तर आपल्या मराठी मुंगसावरूनच गेला आहे.

शब्दांनंतर येतात खुणा. टिंब, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह. पोरांच्या पेपरात याचे मार्क जातात आणि आपल्याला वाटतं, हे इंग्रजीचं काहीतरी नखरेल प्रकरण असणार. पण या खुणा आपल्या मराठीत कधी आल्या, ते ऐका.

आपल्याकडे जुने कागद मोडी लिपीत असायचे. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. वाचणाऱ्यानं अर्थ लावत जायचं. पोथ्यांमध्ये उभा दंड असायचा, पण स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह असं काही नव्हतं. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला त्याची गरजही नव्हती. तिचा श्वास थांबला की विराम, आणि सूर चढला की प्रश्न. बोलण्यात खुणा गळ्यातच असतात. कागदाला गळा नसतो, म्हणून त्याला खुणा लागतात.

या खुणा मराठीत रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं मेजर थॉमस कँडी यांना. हे कंपनीच्या लष्करातले इंग्रज अधिकारी. ते मराठी शिकले. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्या कामात ते होते. पुढे पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा होती, तिची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शाळेची मराठी पुस्तकं तपासणं, नीट करणं हे त्यांचं काम. १८५० साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं. पूर्णविराम, स्वल्पविराम या खुणा इंग्रजी छापील पुस्तकांतून मराठीत आल्या आणि इथंच रुळल्या. म्हणजे आपल्या लेकीला मराठीच्या तासाला स्वल्पविराम कळला, तर तिला इंग्रजीतलाही निम्मा कळला. खूण तीच आहे.

आणि ही खूण नखरा नाही. हे वाक्य बघा : ‘हप्ता माफ नाही भरायचा.’ आता ‘माफ’नंतर थांबा : हप्ता माफ, नाही भरायचा. आता ‘नाही’नंतर थांबा : हप्ता माफ नाही, भरायचा. शब्द तेच, फक्त स्वल्पविराम एक घर सरकला आणि गटाचे पैसे बुडायची वेळ आली. आपल्याकडे ‘ध चा मा करणे’ म्हणतात ना? १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची ही आख्यायिका. पत्रातलं ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ केलं म्हणतात. खरंखोटं काहीही असो, एका अक्षरानं माणूस जातो हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता व्याकरण. या शब्दानंच पोटात गोळा येतो. पण १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. शाळेत आपण नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद असं करत शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या. इंग्रजीतही शब्दांच्या अशाच आठ जाती शिकवतात. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी भाषांतर पाठमाला लिहिली. मराठी वाक्य, त्याच्यासमोर इंग्रजी वाक्य, आणि मग सराव. कितीतरी पिढ्या त्या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या. मराठी सोडून नाही, मराठीच्या आधारानं शिकल्या.

मराठीशेजारी इंग्रजी ठेवली की फरक लगेच दिसतात. आपण म्हणतो, ‘सुनीता भाकरी करते.’ करते हे शेवटी. इंग्रजीत ‘करते’ मध्ये येतं आणि भाकरी शेवटी : सुनीता करते भाकरी. आपण ‘घराजवळ’ म्हणतो, जवळ हे घराच्या मागून येतं. इंग्रजीत ते पुढे लागतं : ‘निअर द हाउस’, म्हणजे जवळ घर. आपल्याकडे तो जातो, ती जाते, ते जातं. इंग्रजीत तिघांनाही ‘गोज’. आपल्याकडे पोराला तू, सासूबाईंना तुम्ही, सभेत आपण. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’.

म्हणजे काही जागी इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, आणि काही जागी तिच्याकडे कमी आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातला फरक घ्या. ‘आम्ही कर्ज फेडू’ म्हटलं तर ऐकणारा त्यात नाही. ‘आपण कर्ज फेडू’ म्हटलं तर तोही आला. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, ‘वी’. म्हणून इंग्रजी कागदात ‘वी’ दिसलं की विचारायचं : हे ‘वी’ म्हणजे नेमकं कोण कोण? आपल्याला हा प्रश्न सुचतो, कारण आपल्या भाषेत तो फरक आहे.

इथपर्यंत ऐकून एखादी म्हणेल, एवढं सगळं पुण्यात झालं, विश्रामबागवाडा वेल्ह्यापासून साठेक किलोमीटर, मग ते आमच्यापर्यंत का नाही आलं? हाच खरा प्रश्न आहे.

कोश झाले, व्याकरणं झाली, पण त्या वाड्यात बायका नव्हत्या. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ चा. त्यातही त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. ज्यांना संस्कृतची दारं बंद होती त्यांना इंग्रजीत एक उघडं दार दिसत होतं.

पण ते दार मुलींसाठी सहज उघडलं नाही. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, जे आज हुजूरपागा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिथं मुलींना इंग्रजी शिकवायची की नाही, यावर मोठा वाद झाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या टिळकांच्या पत्रांनी विरोध केला. मुलींना मराठी वाचता यावं, घरकाम, शिवण, स्वयंपाक यावा, इंग्रजी कशाला, असं त्या विरोधाचं म्हणणं होतं. मुलगे इंग्रजी शिकून नोकऱ्यांना लागत होते, वकील होत होते. त्यांना ती हवी आणि मुलींना नको, हे लोकांनी विचार करून, लिहून, भांडून ठरवायचा प्रयत्न केला.

रमाबाई रानडे यांचं उदाहरण बघा. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना आधी मराठी शिकवलं, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. टोमणे, अबोला, सगळं सोसून त्या शिकल्या. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आनंदीबाई जोशी तर अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या. जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, कोलकात्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातोय, हे लोकांना सांगण्यासाठी. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. लहानपणी त्यांना कुठं इंग्रजी येत होती? तीही मराठी घरातलीच मुलगी.

१९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. तिथं शिकवायचं मातृभाषेतून, आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. विषय मराठीत समजून घ्यायचा, आणि इंग्रजीही सोडायची नाही. तर्खडकरांची पाठमाला आणि कर्व्यांचं विद्यापीठ, दोन्हीकडे वाट एकच दिसते.

पण मैत्रिणींनो, ही सगळी शहरातली नावं. शिकलेल्या घरातल्या, बहुतेक वरच्या जातींतल्या बायका. केळदच्या, पासलीच्या, मढे घाटाकडच्या वाड्यांवरच्या बाईचं काय? तिच्याशी तर कुणी वादसुद्धा घातला नाही. तिच्यापर्यंत शाळाच उशिरा आली.

आणि आली ती कशी? वाडीवरची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला दुसऱ्या गावात जायचं. मध्ये ओढा, पावसाळ्यात पाणी, रान, आणि घरी धाकटं भावंडं सांभाळायचं. पोरगा गेला, पोरगी राहिली. आता दुसरी गोष्ट जोडून बघा. २००० सालापर्यंत आपल्या मराठी शाळांत इंग्रजी सुरू व्हायची पाचवीपासून. त्या वर्षापासून ती पहिलीपासून आली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींची शाळा जिथं संपली, बरोबर तिथं इंग्रजी सुरू होत होती. आपण नापास झालो नाही. आपल्याला त्या वर्गात बसायलाच मिळालं नाही. याला अडाणीपणा म्हणत नाहीत. न मिळालेल्या गोष्टीची लाज आपण का वाहायची?

लाज सोडायची, पण गरज सोडून चालणार नाही. कारण कागद वाट बघत नाही. इंग्रजीचा अख्खा डोंगर चढायचा नाही, बँकेच्या आणि कर्जाच्या कागदातली चार-सहा ठिकाणं ओळखायची. ती आता सांगतो.

पहिलं, ‘अँड’ आणि ‘ऑर’. अँड म्हणजे आणि, ऑर म्हणजे किंवा. नवऱ्याबरोबर जोडखातं असेल आणि त्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल, तर दोघांपैकी कुणीही एकटं पैसे काढू शकतं, आणि एक गेलं तर मागं राहिलेल्याला ते मिळतात. ‘जॉइंटली’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. दोन्हीचे फायदे-तोटे आहेत. पण कुठलं घ्यायचं ते आपण ठरवायचं, फॉर्म भरणाऱ्यानं नाही.

दुसरं, ‘मे’ आणि ‘शॅल’. करारात ‘मे’ म्हणजे करू शकते, ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे. कर्जाच्या कागदात ‘मे’ कुणाच्या नावापुढे आहे आणि ‘शॅल’ कुणाच्या, हे बोट ठेवून बघा. मोकळीक कुणाला आणि बंधन कुणाला, ते तिथंच कळतं.

तिसरं, ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. शाळेच्या पुस्तकात ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक. कायद्याच्या कागदात त्याचा अर्थ वेगळा : एकेकटी. या तीन शब्दांखाली दहा जणींनी सही केली, तर दहाही जणी मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण एकटीसुद्धा पूर्ण रकमेला जबाबदार. आपला वाटा भरला म्हणजे सुटलो, असं होत नाही. शब्द ओळखीचा असला तरी कागद कसला आहे ते बघूनच अर्थ लावायचा.

चौथं, आकड्यातल्या खुणा. आकड्यातलं टिंब खाली असतं, त्याच्या उजवीकडे पैसे. १५००.०० म्हणजे दीड हजार. टिंब पुसट झालं तर तेच दीड लाख दिसतात. चेकवर रक्कम अक्षरी लिहिली की शेवटी इंग्रजीत ‘ओन्ली’ आणि मराठीत ‘फक्त’ लिहितात, आणि उरलेल्या जागेत रेघ मारतात. पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून. ती रेघ म्हणजे आपल्या पैशाला घातलेलं कुंपण आहे.

आणि पाचवं, मागायचा हक्क. बँकेत छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असावेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनीही कर्जाच्या अटी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत कळवायच्या असतात. तेव्हा ‘मराठीत द्या’ म्हणणं ही विनवणी नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या राजाच्या मुलखातल्या आपण बायका. कारभार आपल्या भाषेत हवा, हे मागणं इथं नवीन नाही.

पुढच्या बैठकीला एक करा. प्रत्येकीनं एक इंग्रजी कागद आणा : पासबुक, विमा, कर्जाचा कागद, काहीही. गटात कुणाची तरी लेक किंवा सून नववी-दहावीत असेल, तिला मध्ये बसवा. तिनं इंग्रजी वाचावं, आपण मराठीत अर्थ लावावा. तिचा सराव होईल आणि आपला कागद समजेल. जो शब्द दोघींनाही अडेल, तो रजिस्टराच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि बँकेत गेल्यावर साहेबांना विचारा. आणि सही करण्याआधी तिला एवढं शोधायला सांगा : ‘ऑर’ कुठं आहे, ‘शॅल’ कुठं आहे, आणि टिंब कुठं आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या शेवटच्या पानावर कुठले शब्द जमले, ते आम्हाला कळवा. नमस्कार.